सासूबाईंचा डालड्याचा डबा आणि 'पिढीजात आघात': खरंच असं काही असतं का?

नवगावची_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी. २००३ साली लग्न होऊन इस्राएलला दिमोना गावी आले. नवऱ्याचा जन्म इथलाच. त्याला मराठी कळतं, पण बोलता बोलता हिब्रूवर घसरतो. सासूबाई ८२ वर्षांच्या. १९६१ साली अठराव्या वर्षी आईवडिलांबरोबर अलिबागकडून इथे आल्या. तेव्हा मेतकूट भरून आणलेला डालड्याचा डबा अजून त्यांच्या कपाटात आहे. झाड पार पुसलं गेलंय. मेतकूट कधीच संपलं, आता त्यात कागद आहेत. कसले, ते कुणाला माहीत नाही. इथे सायरन वाजला की घरातल्या पक्क्या खोलीत पळायचं असतं. मी लेकीला हाक मारते, नवरा पाण्याची बाटली उचलतो, सासूबाई डबा उचलतात. बीपीच्या गोळ्या बाहेरच राहतात.

लेक सातवीत आहे. इथे सातवीत मुलांना 'मुळांचा प्रकल्प' करावा लागतो, आजीआजोबा कुठून आले, कसे आले वगैरे. तिने आजीला विचारलं, "तू लग्नाआधी काय करायचीस?" सासूबाई उठल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. त्यानंतर तीन दिवस घरात फक्त "जेवायला चला" एवढंच.

लेकीचं पोट हिवाळ्यापासून दुखतंय. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. कुठलाही फॉर्म भरायचा असला की हिला घाम फुटतो. साध्या सहलीच्या फॉर्मसाठी रात्री दोनदा उठून दप्तर तपासते. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "घरात पिढ्यांमधून आलेलं काही आहे का, ते बघा."

मला आधी रागच आला. आमच्यावर कसला आघात? भारतात आमच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. आणि ज्यांच्या घरची माणसं नाझी छावण्यांत गेली त्यांच्या देशात राहून आपण हा शब्द कुठल्या तोंडाने वापरायचा?

तर प्रश्न दोन. असं खरंच असतं का? आणि सासूबाईंना विचारावं, की झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी?

कोकणी_मेवा

वाचतेय. शनवार तेली म्हणजे तुम्हीच ना? आमच्या रेवदंड्याला आजी सांगायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. डबा वाचून अंगावर काटा आला.

खडूस_पेठकर

मूल अभ्यासाला कंटाळलं की पोट दुखतं. आमच्या वेळी याला 'सोंग' म्हणायचे, हल्ली 'आघात' म्हणतात आणि त्याची फी घेतात.

(हलके घ्या.) पण मुद्दा गंभीर आहे. आमचं घर १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेलं. आजीने चिखलातून भांडी वेचली आणि दुसऱ्या दिवशी चूल मांडली. कुणी समुपदेशन दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. पुढे आयुष्यभर कपाटं विटांवर ठेवली आणि कागदपत्रं माळ्यावर, एवढंच. आम्ही नातवंडं ठणठणीत आहोत.

बोरूबहाद्दर

पेठकर, एक विचारू? तुमच्या आत्ताच्या फ्लॅटमध्ये कागदपत्रं कुठे असतात?

खडूस_पेठकर

माळ्यावर. का?

(बरं. कळलं. पाचवा मजला आहे.)

बोरूबहाद्दर

=)) =))

मानसोपचारी

पेशाने मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

हा विषय पुढे आला तो मुख्यतः नाझी संहारातून वाचलेल्यांच्या मुलांमुळे. १९६० च्या दशकात कॅनडातल्या डॉक्टरांना दिसलं की ही मुलं उपचाराला जास्त येतायत, आणि त्यांनी तर स्वतः काहीच पाहिलेलं नाही. मग अभ्यासांची रीघ लागली. २००३ साली नेदरलँड्स आणि इस्राएलच्या संशोधकांनी जुने बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चित्र वेगळं निघालं. दवाखान्यात आलेल्या मुलांऐवजी समाजातून सरसकट निवडलेली मुलं तपासली, तर ती इतरांइतकीच धडधाकट होती. म्हणजे पेठकर अगदीच चूक नाहीत.

याला दुसरी बाजू आहे. १९८२ च्या लेबनॉन युद्धानंतर ज्या इस्राएली सैनिकांना मानसिक धक्क्याचा आजार झाला, त्यांच्यात वाचलेल्यांची मुलं बरी व्हायला इतरांपेक्षा जास्त काळ लागला. एरवी भिंत शाबूत असते, भूकंप आला की जुनी भेग दिसते, असं काहीसं.

जनुकांवर परिणाम होतो हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. न्यूयॉर्कच्या रेचेल येहूदा यांचा २०१५ चा अभ्यास गाजला, पण त्यात वाचलेली माणसं बत्तीसच होती आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्यावरून 'आजीचं दुःख रक्तातून आलं' असं म्हणायची घाई नको. घरातून येतं ते बहुतेक वागण्यातून येतं. कशावर बोलायचं नाही हे मूल बोलायच्या आधी शिकतं.

धागाकर्तीला एक सांगतो. फॉर्म म्हटल्यावर घाम, रात्री उठून दप्तर तपासणं, पोटदुखी, याकडे आजी बाजूला ठेवूनही बघायला हवं. ही चिंता आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. कारण सापडेपर्यंत थांबू नका.

जुना_भायखळा

मीही बेने इस्राएली, पण मागे राहिलेला. सगळे गेलेल्यांबद्दल बोलतात म्हणून लिहितो.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर यहुदी होते. आता पाचएक हजारसुद्धा नसतील. माझे वडील पाच भावंडांत एकटे राहिले, कारण आजोबांना अर्धांगवायू होता आणि कुणीतरी थांबायला हवं होतं. दर दोनचार वर्षांनी बंदरावर आणि नंतर सांताक्रूझला कुणाला ना कुणाला पोचवायला जायचे. आमच्यात सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. वडील शनिवारी सकाळी सिनेगॉगच्या दारात उभे राहून मोजायचे. सात. आठ. मग कुणाच्या तरी घरी पोरगा पाठवायचे. शेवटी शेवटी दहा होतच नसत, तरी मोजायचे. घरी जेवायला बसलो तरी ताटं मोजायचे. आम्ही हसायचो. आता मी माझ्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये माणसं मोजतो.

याला काय म्हणतात, डॉक्टर?

मानसोपचारी

सवय म्हणतात. आणि वडिलांची आठवण. सगळ्याला आजाराचं नाव द्यायलाच हवं असं नाही.

बाराखडी

एक बावळट प्रश्न. भारतात कुणी त्रास दिला नाही म्हणता, मग एवढे सगळे गेले कशाला?

दिमोनाचा_म्हातारा

बावळट नाही बेटा, आम्हालाही हाच प्रश्न लोक विचारतात. नातवाने धागा वाचून दाखवला, म्हणून त्याच्याकडून टंकून घेतोय. चुका त्याच्या.

मी १९६३ साली आलो, तेव्हा चौदा वर्षांचा होतो. इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, कस्टममधल्या आमच्या लोकांना वाटलं, आता आपलं कसं होणार. दुसरं म्हणजे, दोन हजार वर्षं प्रार्थनेत "जेरुसलेम, जेरुसलेम" म्हणायचं आणि दार उघडल्यावर जायचं नाही? तिसरं खरं कारण, शेजारचे गेले. कोकणातली माणसं मुंबईला कशी गेली? तशीच.

इथे आल्यावर वाळवंटात आणून सोडलं. माझ्या वडिलांनी मुंबईत शाळेत गणित शिकवलं होतं, इथे कापडगिरणीत लागले. त्याबद्दल तक्रार नाही, सगळ्यांनीच केलं. त्याआधी आलेल्यांनी १९५१-५२ मध्ये धरणं धरलं होतं, "आम्हाला परत पाठवा" म्हणून. त्यातल्या शंभरावर लोकांना खरंच विमानाने परत पाठवलं. आणि गंमत ऐका, त्यातले बरेच जण पुन्हा इकडे यायला निघाले! माणसाचं कुठेच मन लागत नाही ते असं.

लागलं ते वेगळंच. १९६२ साली इथल्या धर्मपीठाने लग्न लावणाऱ्या रब्बींना कळवलं की बेने इस्राएल माणूस दुसऱ्या यहुद्याशी लग्न करत असेल तर त्याची आई, आईची आई, जितकं मागे जाता येईल तितकं तपासा. कुणी बाहेरचं आलं का, कुणाचा घटस्फोट धर्माप्रमाणे झाला का. दोन हजार वर्षं घाण्याला शनिवारी बैल जुंपला नाही, आणि आता म्हणे पुरावा आणा. मोरोक्कोवाल्यांना, पोलंडवाल्यांना नाही विचारत. आम्हालाच.

१९६४ च्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर मी जेरुसलेमला धरण्याला बसलो होतो. बायका नऊवारीत. ऊन असं की डांबर चपलेला चिकटायचं. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि मग धर्मपीठाने आदेशातून आमचं नाव काढलं. जिंकलो. वडील परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं गाणी म्हणतील.

बाई, तुमच्या सासूबाई १९६१ ला अठराच्या होत्या म्हणता. म्हणजे तो आदेश निघाला तेव्हा लग्नाच्या वयाच्या. एवढंच म्हणतो.

कोकणी_मेवा

आजोबा, साष्टांग.

नवगावची_सून

आजोबा, तुम्ही आमच्याच गावात आहात हे बघून धडधडलं. धरण्याची गोष्ट ऐकून होते, पण ती भाषणात सांगतात तशी: झालं, जिंकलो, संपलं. वयाचा हिशोब मी कधी केलाच नाही.

निर्भीड

हे सगळं ठीक आहे, पण त्याच भूमीतून १९४८ मध्ये लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांच्या पिढ्यांच्या आघातावर कोण धागा काढणार?

नवगावची_सून

तुम्ही काढा, मी वाचेन आणि मनापासून वाचेन. हे उपरोधाने म्हणत नाही. पण इथे माझ्या लेकीच्या पोटदुखीबद्दल बोलू द्या.

संपादक

निर्भीड यांच्या प्रतिसादानंतरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून राहावे.

खडूस_पेठकर

त्या अकरांत माझे चार होते. चांगले होते.

हैफाकर

मी मूळचा सांगलीचा, सॉफ्टवेअरमध्ये. बायको इथली, तिचे आईवडील पोलंडचे. धागाकर्तीने लिहिलंय ना, की छावणीवाल्यांसमोर आपण हा शब्द कसा वापरायचा, त्यावर लिहितो.

माझे सासरे छावणीबद्दल बोलायचे. शाळांत जाऊन सांगायचे, हातावरचा आकडा दाखवायचे. बायको म्हणते, आमच्या घरात मौन वगैरे नव्हतं, उलट नको इतकं ऐकलं. सासरे वारले तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. शोकाच्या सात दिवसांत एक म्हाताऱ्या बाई आल्या, वडिलांच्या गावच्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुझं नाव त्याने पहिल्या मुलीचंच ठेवलं." कुणाच्या पहिल्या मुलीचं? तर सासऱ्यांचं युद्धाआधी एक लग्न झालेलं होतं. बायको आणि चार वर्षांची मुलगी, दोघी गेल्या. माझ्या सासूबाईंना माहीत होतं. माझ्या बायकोला नव्हतं.

म्हणजे सगळं सांगणाऱ्या माणसानेही एक गोष्ट ठेवून घेतली होती. बायको त्यानंतर वर्षभर 'आमखा' नावाच्या संस्थेत जात होती. वाचलेल्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी ती १९८७ पासून चालते. तिथल्या बाईंनी तिला म्हणे एकच गोष्ट बरेचदा सांगितली, की तुझ्या वडिलांनी ते तुझ्यापासून लपवलं नाही, स्वतःपासून लपवलं.

आणि हो, दुःखाला इथे रांग आहे हे खरंय. पहिल्या नंबरवर कोण हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून बाकीचे टोकनच घेत नाहीत. माझ्या ऑफिसातला इथिओपियन मित्र सांगतो, त्याचे आईवडील इथे येण्यासाठी सुदानपर्यंत पायी गेले. त्या वाटेवर, तिथल्या छावण्यांत हजारो माणसं गेली, त्याची मावशीसुद्धा. इथे आल्यावर त्यांच्या समाजाने रक्तदान केलं, आणि १९९६ मध्ये पेपरात आलं की ते रक्त गुपचूप फेकून देतायत. तो म्हणतो, आईने चालण्याची गोष्ट हसत हसत सांगितली, रक्ताची कधीच नाही.

बाराखडी

हैफाकर, शेवटचं वाक्य वाचून उठून पाणी पिऊन आले.

मडगावची_मरिया

मी इथे म्हाताऱ्यांना सांभाळते, आठ वर्षं झाली. मराठी लिहायची सवय मोडलीये, समजून घ्या.

आधीच्या घरची आजी रोमानियाची. विसरण्याचा आजार. आंघोळीला शॉवरखाली नेलं की किंचाळायची. एजन्सीने काही सांगितलं नव्हतं. तिच्या मुलीने सांगितलं, शॉवर दाखवू नकोस. मग मी बादली आणि तांब्या आणला, आमच्या गावासारखा. पाठीवर हळू ओतलं की शांत बसायची, तांब्याला हात लावून बघायची.

आता लोद गावात आहे, आजी तुमची, बेने इस्राएली. तिचं हिब्रू रोज थोडं थोडं जातंय. साठ वर्षं बोलली ती भाषा गेली, मराठी राहिली. मुलगा विचारतो, आई काय म्हणते? मी गोव्याची, आणि त्याच्या आईचं त्याला मी समजावते. परवा ती म्हणाली, "बाळंतिणीला शेक दिला का?" मी म्हटलं, दिला. झोपली.

ताई, तुमच्या सासूबाईंना विचारायचं तर आता विचारा. मराठीत विचारा.

जुना_भायखळा

मडगावची_मरिया, _/\_

कोकणी_मेवा

विषय जरा हलका करते. मलिद्यात गूळ घालता की साखर? आमच्या शेजारच्या बाई एलियाहू नबीच्या नावाने करायच्या, पोहे, ओलं खोबरं, वर फळं. चव अजून आठवते.

दिमोनाचा_म्हातारा

साखर. गूळ म्हणणारे मुंबईचे.

जुना_भायखळा

आजोबा, मुंबईवर जाऊ नका. आमच्याकडेही साखरच.

खडूस_पेठकर

शेवटी खरा वाद सापडला. यावरही अकरा प्रतिसाद उडणार.

बोरूबहाद्दर

अवांतरात अवांतर: यांच्यात जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाच्या उपासाला 'बिरड्याचा सण' म्हणतात असं ऐकलंय. खरं का?

दिमोनाचा_म्हातारा

खरं. वालाचं बिरडं. मंदिर पडलं इसवी सन ७० मध्ये, आम्ही अजून वाल सोलतोय. नातू म्हणतो, हाच तो पिढीजात आघात. मी म्हटलं, हा पिढीजात वाल. सोलायला बस.

मानसोपचारी

आजोबांनी गमतीत सांगितलं, पण त्यात तथ्य आहे. ज्या दुःखाला दिवस ठरलेला असतो, पदार्थ ठरलेला असतो, ते सगळ्यांना मिळून सोलता येतं. १९६२ ला दिवसही नाही आणि पदार्थही नाही.

धागाकर्ती, सासूबाईंना विचारण्याबद्दल: मुलीने प्रकल्पासाठी विचारलं ती चौकशी होती, वही-पेन घेऊन. ज्या बाईला तरुणपणी वही-पेन घेऊन प्रश्न विचारले गेले असतील तिला पुन्हा तसंच विचारू नका. काहीतरी काम हातात असताना, शेजारी बसून, तोंडाकडे न बघता.

खडूस_पेठकर

डॉक्टर, हा सल्ला फुकट दिलात? नोंद घेतली आहे.

नवगावची_सून

तीन आठवड्यांनी परत येतेय. उशिराबद्दल माफी.

लेक आता आठवड्यातून एकदा बालमानसतज्ज्ञ बाईंकडे जाते. पोट कमी दुखतं, पूर्ण थांबलं नाही. सहलीचा फॉर्म परवा एकदाच तपासला.

सासूबाईंना मी काही विचारलं नाही. इथल्या भारतीय दुकानात वाल मिळाले, ते भिजवले, मोड आणले आणि लेकीला त्यांच्या शेजारी सोलायला बसवलं. लेकीला सोलता येईना, डाळिंब्या तुटायच्या. सासूबाई तिच्या हातावर चापट मारून म्हणाल्या, "अगं दाबू नको, ढकल." अर्धं पातेलं झाल्यावर स्वतःच उठल्या आणि डबा आणला. हात ओलेच होते.

वर नेहमीचे कागद, सासऱ्यांशी लग्नाचा करार १९६५ चा, पासपोर्ट. त्याखाली एक पत्र. कोकणातल्या एका सिनेगॉगच्या मुकादमांचं, मराठीत, बोरूच्या अक्षरात, खाली शिक्का. सासूबाईंचं नाव, त्यांच्या आईचं, आजीचं, पणजीचं. पणजीच्या पुढे लिहिलंय, "हिला आम्ही लहानपणी पाहिलेली आहे, ही आपलीच." तारीख फेब्रुवारी १९६३.

मी म्हटलं, "पण तुमचं लग्न तर पासष्टला झालं. आणि बाबा आपल्यातलेच होते, त्यांना हे लागलंच नसणार."

त्या म्हणाल्या, "हे त्याच्यासाठी नव्हतं."

लेकीला मराठी तेवढं येत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. सासूबाईंनीच तिला हिब्रूत सांगितलं, की एक मुलगा होता, इथल्या कापडगिरणीत, बगदादकडच्या घरातला. पत्र यायला चार महिने लागले. त्याच्या आईने तीन महिने वाट पाहिली.

लेकीने विचारलं, "नाव काय होतं त्याचं?" सासूबाईंनी सांगितलं. मग म्हणाल्या, हे प्रकल्पात लिहायचं नाही. लेक म्हणाली, नाही लिहिणार. पणजीचं लिहू का, विचारलं. ते लिही म्हणाल्या.

नवरा रात्री घरी आला, त्याला अजून काही माहीत नाही. सांगायचं की नाही ते सासूबाई ठरवतील.

हैफाकर

"त्याच्या आईने तीन महिने वाट पाहिली." बायकोला भाषांतर करून सांगितलं. तिने विचारलं, वाल कुठे मिळतात.

दिमोनाचा_म्हातारा

बगदादकडचा, गिरणीतला. बाई, मला वाटतं मी त्याला ओळखत होतो. नाव इथे लिहू नका. सासूबाईंना एवढंच सांगा, की चाळीतल्या गणिताच्या मास्तरांचा मुलगा विचारत होता. त्यांना आठवलं आणि त्यांची इच्छा असली तर एक दिवस मलिदा घेऊन येतो. साखरेचा.